जरा मिटवून दाखवा

नर्सरीत काम मिळालं तेव्हा स्वतःच्या खर्चाने आणायच्या वस्तूंची एक यादी हातात पडली. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, पाणी आत शिरू न देणारा रेनकोट आणि एका हाताने उघडणारा चाकू. बूट आणि रेनकोट समजण्यासारखे होते. ऑरेगनच्या विलॅमेट खोऱ्यात ऑक्टोबरात लागलेला पाऊस मे उजाडला तरी रेंगाळत असतो. चाकूही समजला असता, पण 'एका हाताने' या शब्दांखाली मालकाने पेनाने दोनदा रेघ मारली होती.

"त्यात काय एवढं? स्वयंपाकघरातली सुरी ने," नवरा म्हणाला. तो हिल्सबरोला चिपच्या कारखान्यात जातो, नखशिखांत पांढऱ्या झग्यात. त्याला नर्सरीत कापायच्या सुतळीशी काय देणंघेणं! डिपेंडंट व्हिसावरच्या मला इतक्या वर्षांनी काम करायची मुभा मिळाली होती आणि मी झाडं निवडली होती, म्हणून यादीतलं सगळं जसंच्या तसं आणायचं असा माझा हट्ट होता.

रेघ का मारली होती ते लवकरच कळलं. आमच्याकडे मोठी झाडं मुळांभोवतीच्या मातीसकट येतात. तो मातीचा गोळा गोणपाटात गुंडाळून सुतळीने करकचून आवळलेला असतो. डाव्या हाताने खोड धरायचं. सोडलं की जपानी मेपल आडवा झालाच म्हणून समजा. मग उरतो एक उजवा हात. त्यानेच खिशातून चाकू काढायचा, उघडायचा, सुतळी कापायची, चाकू मिटायचा आणि पुन्हा खिशात सरकवायचा. सुतळी नसेल तर खताच्या पिशव्या, पॅलेटभोवतीचं प्लास्टिक, ठिबकच्या नळ्या. माझ्याकडे एक छोटा लाल स्विस चाकू होता. चाकू उत्तम, पण पात्यावरच्या खाचेत नख घालून तो उघडायचा म्हणजे दोन्ही हात मोकळे हवेत, आणि हातमोजे घातले की नखं असून नसल्यासारखी.

म्हणून एका शनिवारी दुकानात गेले. चाकूंना इथे तोटा नाही. लेदरमन आणि गर्बर पोर्टलंडचे, बेंचमेड ऑरेगन सिटीत, कर्शॉ टुआलटिनला, सगळे आमच्या घरापासून तासाभराच्या आत. काचेच्या कपाटात ओळीने चाकू मांडलेले आणि पलीकडे विशीतला एक हसरा पोरगा.

"असिस्टेड की मॅन्युअल?"

"एका हाताने उघडणारा."

"दोन्ही एकाच हाताने उघडतात, मॅडम."

एवढ्यावर माझी तयारी संपली. पोराची मात्र आता कुठे सुरुवात झाली होती. थंब स्टड, होल, फ्लिपर, फ्रंट फ्लिपर, लायनर लॉक, फ्रेम लॉक, बेअरिंग, डिटेंट. मी मान डोलवत राहिले. मग त्याने एक चाकू उचलला, मुठीच्या पाठीवर आलेलं पात्याचं इवलंसं शेपूट, म्हणजे फ्लिपर, तर्जनीने दाबलं आणि 'टक्क' झालं. पातं बाहेर कधी आलं हे मला दिसलंच नाही. आधी मिटलेला चाकू होता, नंतर उघडलेला होता, मधलं काही नव्हतंच. मी काचेपासून एक पाऊल मागे सरकले.

यात माझा दोष नाही, हिंदी सिनेमाचा आहे. माझ्या पिढीने खिशातून निघून खाडकन उघडणारा चाकू पाहिला तो खलनायकाच्या हातात, आणि त्याचं नाव एकच, रामपुरी. 'वक्त'मधल्या राजकुमारने चाकू परजणाऱ्या माणसाला ज्या थंडपणे सुनावलं, ते घरोघरी पाठ होतं. शहाण्या घरातल्या बाईच्या पर्समध्ये अशी वस्तू असेल हे आमच्या कल्पनेतच नव्हतं. अमेरिकेचंही फार वेगळं नव्हतं म्हणा. १९५५च्या 'रिबेल विदाऊट अ कॉज'मध्ये वेधशाळेच्या आवारात पोरं बटणाचे चाकू काढून एकमेकांवर धावतात. त्या दशकात इथल्या वर्तमानपत्रांनी आणि मासिकांनी या चाकूचा असा काही धसका घेतला, की १९५८ मध्ये काँग्रेसने कायदा करून त्याच्या राज्याराज्यांतल्या व्यापारावर बंदी घातली. पडद्यावरच्या चाकूला घाबरून केलेले कायदे प्रत्यक्षातल्या किती चाकूंना लागू पडतात, हा प्रश्न मला पुढे बऱ्याचदा पडला.

"हा स्प्रिंगचा आहे ना? मग चालतो कसा?" मी विचारलं.

"स्प्रिंग आहे, पण हा स्विचब्लेड नाही," पोरगा म्हणाला, जणू त्याने काहीतरी उलगडून सांगितलं होतं.

मी तो असिस्टेड चाकू घेतला. का घेतला? मागे रांग वाढत होती, आणि खरं सांगायचं तर त्या 'टक्क'चा थोडा मोहही पडला होता.

घरी आल्यावर जेवणाच्या टेबलावर बसून तो हळू उघडून पाहायचा असं ठरवलं. हे वाटतं तितकं सोपं नाही, कारण हळू उघडायला तो बनवलेलाच नाही. उजव्या हातात मूठ धरली, डाव्या हाताच्या चिमटीत पात्याची पाठ पकडली आणि बोटं धारेपासून लांब ठेवली. सुरुवातीला पातं मागे ओढत होतं. थोडं उघडून सोडलं की मुकाट्याने परत मुठीत जाऊन बसायचं. आणखी थोडं उघडलं तेव्हा ती ओढ कमी झाली आणि एका जागी पुरती नाहीशी झाली. पातं तिथे ना घरचं ना दारचं असं थांबलं. तिथून केसभर पुढे नेलं आणि चिमटीत एकदम जोर जाणवला, पण आता उलट्या दिशेचा. जे पातं आत जायला धडपडत होतं तेच बाहेर जायला धडपडू लागलं. तीच जागा मी परत परत ओलांडत बसले. आत, बाहेर, आत, बाहेर. नवरा एकदा डोकावून गेला. काही बोलला नाही.

हे असं का होतं ते चित्र काढल्यावर कळलं. मुठीच्या आत एक वाकवलेली पोलादी तार असते. तिला टॉर्शन बार म्हणतात. तिचं एक टोक मुठीत अडकवलेलं आणि दुसरं पात्याच्या बुडाशी, ज्या खिळ्यावर पातं फिरतं त्याच्यापासून जरा बाजूला. पातं मिटलेलं असतं तेव्हा तारेचा जोर खिळ्याच्या एका बाजूने जातो आणि पात्याला आत दाबून ठेवतो. पातं फिरू लागलं की तारेचं टोकही त्याच्याबरोबर फिरतं, आणि एका ठिकाणी जोराची रेघ खिळा ओलांडून पलीकडे जाते. बस, तेवढंच. तार तीच आणि जोरही तोच, फक्त बाजू बदलली. ब्लॅकी कॉलिन्स या चाकूकाराने १९९५च्या सुमाराला अशा तऱ्हेचा चाकू आणला होता. पण ही चाल घरोघरी पोचवली ती हवाईच्या केन ओनियनने आणि त्याची युक्ती 'स्पीडसेफ' नावाने विकणाऱ्या कर्शॉने. म्हणजे माझ्या घराजवळच्याच कारखान्याने.

आणि मग पोराचं ते वाक्य कळलं. बटणाच्या चाकूत स्प्रिंगला पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच गोष्ट हवी असते: पातं बाहेर. तिला फक्त एका खिट्टीने अडवलेलं असतं. बटण दाबून खिट्टी काढली की झालं. तिथे तुमचा हात पात्याला लागतच नाही. असिस्टेडमध्ये मिटलेल्या पात्याला मिटूनच राहायचं असतं. हाताने ते अर्धवट बाहेर काढलं, की मगच स्प्रिंग तुमच्या बाजूने येते. आणि मॅन्युअल चाकूच्या पात्याला, एकदा मुठीतून सुटलं की, स्वतःचं काही म्हणणंच नसतं. ते मुठीत धरलेलं असतं बहुतेकदा एका बारीकशा गोळीने. तिलाच डिटेंट म्हणतात. ती गोळी पात्यातल्या खळग्यात बसते. हाताने खळग्यातून बाहेर काढलं, की पुढची सगळी वाट हाताची.

अमेरिकेच्या कायद्यानेही अखेर हाच फरक पकडला. २००९च्या मे महिन्यात इथल्या सीमाशुल्क खात्याने असिस्टेड चाकूंनाही स्विचब्लेड ठरवायचा प्रस्ताव मांडला. त्यावर चाकू बनवणारे आणि बाळगणारे असे काही उसळले, की ऑक्टोबरात १९५८च्या कायद्यात दुरुस्तीच झाली. ज्या चाकूत पात्याला मिटण्याकडे ओढणारी रचना आहे आणि ती ओढ हाताने, मनगटाने किंवा दंडाने मोडल्याशिवाय पातं उघडत नाही, तो या कायद्यातून वगळला. वकिलांनी लिहिलेल्या मजकुरात यंत्राची चाल इतकी नेमकी उतरलेली मी क्वचित पाहिली आहे. टेबलावर मी जी जागा चिमटीने शोधत होते, ती यांनी कलमात घातली.

पण हे सगळं कळलं म्हणून सोमवारी नर्सरीत माझा गोंधळ कमी झाला असं नाही. चाकू उघडायचा झकास. ओल्या, गारठलेल्या बोटांनी, जाड हातमोज्यातून, शेपूट नुसतं दाबलं तरी 'टक्क'. स्प्रिंग तुमचं अर्धं काम करते, त्यामुळे अर्ध्या ताकदीवर भागतं. हिवाळ्यात हे थोडंथोडकं नाही. माझ्यासोबत काम करणारी मेक्सिकोतल्या मिचोआकानची एक बाई आहे, वयाने माझ्यापेक्षा मोठी. तिला सगळे 'दोन्या' म्हणतात, म्हणून मीही म्हणते. तिने माझा चाकू दोन-तीनदा उघडून पाहिला, कौतुकाने "मुय बोनीतो" म्हणाली आणि मग विचारलं, "आता मिटून दाखव. एका हाताने."

इथे सगळी कथा सुरू होते. दुकानात चाकू उघडून सगळेच दाखवतात. तो मिटतो कसा, हे त्या पोराने दाखवलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

माझ्या चाकूला लायनर लॉक होतं. मायकल वॉकर नावाच्या कारागिराने १९८०च्या दशकात रुळवलेली ही पद्धत. पातं पुरतं उघडलं की मुठीच्या आतली एक पातळ पट्टी सरकून त्याच्या बुडामागे जाऊन बसते, आणि मग पातं मागे येऊ शकत नाही. मिटताना ती पट्टी अंगठ्याने बाजूला सारायची. म्हणजे अंगठा नेमका पात्याच्या परतीच्या वाटेवर. साध्या चाकूत हे जमून जातं: पट्टी सारायची, पातं थोडं आत घ्यायचं, अंगठा काढायचा आणि उरलेलं निवांत मिटायचं. असिस्टेडमध्ये पट्टी सारली तरी स्प्रिंग पात्याला बाहेरच ढकलत असते. मग तर्जनीने पात्याच्या पाठीवर जोर द्यायचा. जोर देत देत पातं आत येत जातं, आणि ती खिळा ओलांडणारी जागा आली की स्प्रिंग पुन्हा बाजू बदलते. आता तुमचा जोर आणि तिचा जोर एकाच दिशेने, आणि ती दिशा तुमच्या बोटांकडची. जोर कुठे सोडायचा हे बोटांना आधी कळलं पाहिजे. मला ते टेबलावर दोन हातांनी कळलं होतं. डाव्या हातात झाड धरून, पावसात, एका हाताने कळणं हे निराळंच प्रकरण होतं. मी चाकू मांडीवर टेकवून मिटवला. दोन्याने मान हलवली, कामाला लागली.

त्या रात्री आईशी बोलताना हे सांगितलं. ती सांगलीला असते. तिला चाकूचं कौतुक नव्हतंच. "चाकू कसला गं, विळी बरी," ती म्हणाली, "आणि मिटवून ठेवत जा बाई." मला हसू आलं आणि मग थांबलंही. विळीचं पातंसुद्धा खुंटीवर फिरतं, काम झालं की पाटावर आडवं करून ठेवायचं असतं. पण विळी उघडायची कशी हे मला कधी कुणी शिकवल्याचं आठवत नाही. तिच्याबद्दलच्या झाडून सगळ्या सूचना मिटण्याच्या. उभी ठेवू नको, ओलांडू नको, धाकट्याच्या हाताला लागेल अशी ठेवू नको. इथे मात्र पानंच्या पानं भरून लिहितात, तासन् तास दाखवतात, ते सगळं उघडण्याचं. कुणाचा किती वेगाने उघडतो. पहिल्या 'टक्क'ला ग्राहक पैसे मोजतो हे खरंच आहे. पण दिवसात जितक्या वेळा उघडतो तितक्याच वेळा मिटायचाही असतो, आणि मिटताना बोटं धारेजवळ असतात.

दोन्याचा चाकू मॅन्युअल. प्लास्टिकसारख्या मुठीचा, दिसायला अगदीच साधा, पात्याच्या कुबडावर वाटोळं भोक. हे भोक म्हणजे स्पायडर्को कंपनीची खूण. कोलोरॅडोतल्या गोल्डन गावच्या सॅल ग्लेसर यांच्या या कंपनीने १९८१ मध्ये 'वर्कर' नावाचा चाकू काढला, त्यात दोन गोष्टी एकत्र आल्या: पात्याला अंगठा रुतेल असं भोक आणि मुठीला खिशाच्या काठावर अडकणारी क्लिप. चाकू खिशाच्या तळाशी किल्ल्यांबरोबर लोळत राहण्याऐवजी काठाशी उभा राहिला आणि एका अंगठ्याने उघडू लागला. आज खिशातल्या कितीतरी चाकूंना ती क्लिप असते. दोन्याचा चाकू त्याच घराण्यातला, डेलिका. तो बनतो जपानमध्ये सेकी गावात. गंमत म्हणजे माझ्या असिस्टेड पंथाचा मोठा पुरस्कर्ता कर्शॉ, तो १९७७ पासून ज्या काई कंपनीच्या मालकीचा आहे, तिचा जन्मही १९०८ मध्ये त्याच सेकीत झाला. तलवारी घडवणारं जुनं गाव. दोन्ही पक्षांची नाळ तिथलीच.

भोकाचा चाकू मला पहिल्यांदा उघडेना. अंगठा आत घालून मी तो मुठीच्या लांबीला धरून वर ढकलत होते. अंगठा निसटायचा आणि पातं जागचं हलायचं नाही. दोन्याला माझं इंग्रजी अर्धं कळतं आणि तिचं स्पॅनिश मला पाव. तिने माझा अंगठा धरला आणि बाहेर फिरवला. वर नाही, बाहेर. पातं आधी मुठीपासून दूर न्यायचं, मग अंगठ्याने हवेत एक कमान काढत पुढे जायचं, शेवटी लॉक बसल्याचा आवाज येईपर्यंत. एकदा हे कळलं की अंगठा विसरत नाही. आणि यात पात्याचं अंशन् अंश वळण तुमच्या हातात असतं. अर्ध्यावर थांबायचं तर थांबता येतं. कुणी अचानक समोर आलं, झाड कललं, तर तिथेच थांबून मागेही घेता येतं. असिस्टेडमध्ये एकदा ती जागा ओलांडली की सोडलेला बाण. पातं शेवटपर्यंत जाणारच. नर्सरीच्या अरुंद वाटेत, दोन्ही बाजूंना माणसं वाकलेली असताना, हा फरक कागदावर दिसतो त्याहून मोठा असतो.

तिचा चाकू मिटायची रीतही पाहून घेतली. त्याचं लॉक मुठीच्या पाठीवर. अंगठ्याने ती पट्टी दाबली की पातं मोकळं होतं आणि आत येताना तर्जनीवर आधी त्याचा बिनधारेचा, टाचेचा भाग टेकतो. तिथे ते थांबतं. मग बोट काढून घ्यायचं आणि पातं पुरतं मिटायचं. सावकाश, पण कुठेही दचकवणारं नाही.

मी दुकानात परत गेले, या वेळी प्रश्न घेऊन. तोच पोरगा. मी म्हटलं, "उघडून नको दाखवूस. मिटून दाखव." तो जरा बावरला, पण मग त्याला मजा वाटू लागली असावी, कारण त्याने अर्धं कपाट बाहेर काढलं. स्पायडर्कोच्या काही मोठ्या चाकूंत कॉम्प्रेशन लॉक असतं, ते पाठीच्या बाजूला दाबायचं. बोटं वाटेत येतच नाहीत, पातं आपल्या वजनाने आत झुलत येतं. बेंचमेडने १९९८ मध्ये आणलेलं ॲक्सिस लॉक, म्हणजे मुठीत आडवा बसवलेला एक दांडू. तो मागे ओढला की पातं सुटतं. त्यातही बोटं धारेच्या वाटेबाहेर. पेटंटची मुदत संपल्यापासून आडव्या दांडूचे चाकू इतरही कंपन्या काढू लागल्या आहेत, त्यामुळे किमतीही माणसात आल्या.

मग त्याने मला नव्याने गोंधळात घातलं. एक चाकू काढला, शेपूट दाबलं, 'टक्क'. "हा असिस्टेड," मी म्हटलं. "नाही. मॅन्युअल." आत स्प्रिंगच नाही. पातं बारीक गोळ्यांच्या बेअरिंगवर फिरतं आणि डिटेंटची गोळी इतकी नेमकी बसवलेली, की शेपटावर जोर साठत जातो आणि खळग्यातून सुटताक्षणी पातं स्वतःच्या वेगाने पार शेवटपर्यंत जातं. वेग बोटाचाच, फक्त एकदम सुटलेला. डोळे मिटून ऐकलं तर कुठला कुठला हे मला सांगता आलं नसतं. मिटताना मात्र लगेच कळतं: पट्टी सारली की पातं विरोध न करता, तेलावर सरकल्यासारखं आत येतं. माझ्याच्याने तो आधी उघडेना. "मुठीच्या त्या बाजूवरची बोटं काढा," पोरगा म्हणाला. फ्रेम लॉकच्या चाकूत मुठीचाच एक भाग लॉकचं काम करतो, आणि तिथे बोटं रोवली की तुम्हीच डिटेंटची गोळी खळग्यात आणखी दाबत असता. बोटं काढली, उघडला. मग स्प्रिंग कशाला हवी, असं विचारलं तर तो खांदे उडवून म्हणाला, "हातमोजे."

प्रामाणिक उत्तर होतं. बेअरिंगच्या फ्लिपरला शेपटावर एकच खणखणीत, पुरता फटका लागतो. बोट बिचकलं तर पातं अर्ध्यावर लोंबतं. असिस्टेडला तेवढं कौशल्य लागत नाही.

मातीचा प्रश्न उरतोच. आमच्या कामात मुठीत पीट, परलाईटचा चुरा, बार्कची कुसळं जातात. कुठलाही चाकू थोड्या दिवसांत कुरकुरतो, पण साध्या वॉशरवरचा चाकू नळाखाली धरून, वाळवून, तेलाचा एक थेंब सोडला की पुन्हा चालू. बेअरिंगला माती खपत नाही. असिस्टेडमध्ये तारेची खाच भरते आणि मग स्प्रिंगचा जोर अधेमधे अडखळतो. त्याहून वाईट म्हणजे तार थकली किंवा तुटली तर नुसती उघडण्याची मदत जात नाही. मिटलेलं पातं जी दाबून धरत होती तीही तीच. म्हणून तर अशा काही चाकूंना टोकाशी सरकती अडणी दिलेली असते, खिशात पातं आपोआप सुटू नये म्हणून. कर्शॉच्या 'लीक' या चाकूला ती आहे. मॅन्युअलमध्येही स्प्रिंग नसतेच असं नाही, हेही मला इथेच कळलं. आडव्या दांडूच्या चाकूत दोन बारीक स्प्रिंगा असतात, पण त्या दांडूला ढकलतात, पात्याला नाही. त्यामुळे तो मॅन्युअलच. एवढं समजेपर्यंत माझी वही भरली होती.

कायद्याच्या बाबतीत मी एकच धडा घेतला: चाकू खिशात ठेवून राज्याची सीमा ओलांडण्याआधी वाचावं. सहज वाटेल की स्प्रिंगवाला अडचणीचा आणि बिनस्प्रिंगचा सोवळा. न्यूयॉर्कमध्ये कित्येक वर्षं उलटंच घडत होतं. तिथे 'ग्रॅव्हिटी नाइफ'विरुद्ध जुना कायदा होता, आणि पोलीस साधा, कामगाराच्या खिशातला मॅन्युअल चाकू मनगटाच्या झटक्याने उघडून दाखवत. उघडला की गुन्हा. गवंडी, सुतार, दुकानातले हमाल असे कितीतरी लोक त्यात अडकले. २०१९ मध्ये तो कायदा रद्द झाला. ऑरेगनच्या कलमातही, लपवून बाळगण्यापुरते का होईना, स्प्रिंगच्या जोराने आणि झटक्याने बाहेर येणारी पाती शेजारी शेजारी बसवली आहेत. आमचा मालक म्हणूनच सांगतो, क्लिप खिशाबाहेर दिसू द्या आणि मनगटाने चाकू उडवून दाखवायची हौस घरी. लंडनच्या मावसबहिणीला मी असिस्टेड भेट द्यायचं मनात आणलं होतं. बरं झालं आधी विचारलं. इंग्लंडमध्ये २०२१ पासून असा चाकू घरात ठेवणंही गुन्हा, आणि खिशात विनाकारण बाळगायचा तर लॉक नसलेला, तीन इंचांच्या आतल्या पात्याचा. म्हणजे माझा लाल स्विस चाकू तिकडे सर्वांत सज्जन. जर्मनीत लॉक होणारा एकहाती चाकू सबळ कारणाशिवाय घेऊन फिरता येत नाही. तिथे माझे सगळेच प्रश्न निकालात निघाले असते.

शेवटी मी आडव्या दांडूचा, थंब स्टडचा, म्हणजे पात्यावर अंगठ्यासाठी छोटा खुंट असलेला, मॅन्युअल चाकू घेतला. भोकाचाही चालला असता, पण माझा अंगठा बारीक आणि हातमोजा जाड. भोकात कापड अडकायचं, स्टडवर ते टेकतं. उघडायला तो असिस्टेडपेक्षा हळू आहे, हे दररोज जाणवतं. मिटताना तर्जनीने दांडू मागे घेते, मनगट किंचित कलतं करते आणि पातं आपणहून आत येतं. त्या वेळी मी चाकूकडे बघतही नाही, झाडाकडे बघत असते. दोन्याने पाहिलं आणि या वेळी काहीच विचारलं नाही, तेव्हा मी समजले.

असिस्टेड आता घरी असतो. दाराशी येणारी खोकी नवरा त्याने फोडतो. खुर्चीत बसून, दोन हातांनी मिटतो, कारण तिथे दोन्ही हात मोकळे असतात. त्याच्या दृष्टीने हाच जगातला सर्वोत्तम चाकू आहे आणि माझ्याकडे त्याला खोडायला काही नाही. 'टक्क' ऐकू आलं की मी ओळखते, आज काहीतरी आलंय.

मागच्या महिन्यात नर्सरीत एक नवा मुलगा लागला. त्याच्या यादीतही तीच रेघ. त्याने मला विचारलं, असिस्टेड की मॅन्युअल. मी त्याला स्प्रिंग, खिळा, लॉक, माती, सगळं सांगितलं, शेवटी म्हटलं, दुकानात गेलास की आधी मिटून दाखवायला सांग. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि सोमवारी असिस्टेड घेऊन आला. आवाज आवडला म्हणाला. मिटताना तो अजून मांडीचा आधार घेतो. पण सकाळी सातच्या पावसात, ओल्या हातमोज्यांनी, पहिली सुतळी कापायची वेळ आली की त्याचा चाकू माझ्या आधी उघडतो.